विद्यार्थी कृतीचा रकाना

पहाटे साडेचार

“मी जातो वो बाई, भात झाकून हाये,” असं दारातूनच सांगून माय निघते. बाहेर अजून अंधार आहे. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस आहेत. गावातल्या दहा-बारा बायकांनी मिळून ठेक्याने बांध्या (भाताची खाचरं) घेतल्या आहेत, आणि परे (भाताची रोपं) खणायला उजाडायच्या आत पोचावं लागतं. डोक्यावरून पाठीवर प्लास्टिक घेतलेल्या बायकांची रांग धुऱ्याधुऱ्याने दूर जाताना मी दारातून बघते. बॅटरीचा उजेड पाण्यावर हलतो, बाकी काही दिसत नाही.

“मी जातो.” पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत बाई आणि माणूस दोघंही असंच म्हणतात. माझी आजी म्हणायची, माय म्हणते, मीही घरात म्हणते. पुस्तकातल्या बायका ‘जाते’ म्हणतात हे शाळेत वाचलं होतं, पण ते पुस्तकातलं. डी.एल.एड.च्या पहिल्या वर्षी माझा सूक्ष्म अध्यापनाचा पाठ होता, जेमतेम सहा मिनिटांचा. फळ्याकडे वळताना तोंडून निघून गेलं, “आता मी एक चित्र काढतो.” मागच्या बाकावरून हसू ऐकू आलं. पाठाच्या वहीवर शेरा पडला, ‘भाषा शुद्ध करा’, आणि खाली तीन शब्द गोल केलेले होते: काढतो, पानी, सारा. पानी म्हणजे पाणी, सारा म्हणजे शाळा. मी मन लावून तयारी केलेल्या त्या पाठात बाकी काय होतं, याबद्दल एक ओळही नव्हती.

त्यानंतर सहा महिने मी आरशासमोर ण आणि ळ घोटले. ते आता येतात. पण घाई झाली की, घाबरले की, अजूनही निसटतात.

सकाळी सात

भात फोडणीला टाकते, वर सांबार चिरून. (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्यामुंबईच्या माणसाला आमच्याकडची ‘वांग्याच्या भाजीत सांबार घाला’ ही सूचना ऐकून काय वाटत असेल, कोण जाणे.) डबा भरते आणि पाठाचं टाचण शेवटचं वाचून घेते. आज निरीक्षणाचा पाठ आहे. महाविद्यालयातून सर येणार आहेत. तिसरीचा वर्ग, परिसर अभ्यास, घटक ‘पाण्याचे साठे’.

टाचणात रकाने असतात: अध्ययन निष्पत्ती, आशय, अध्यापक कृती, विद्यार्थी कृती, साधने, फळाकाम, मूल्यमापन. ‘अध्यापक कृती’मध्ये मी लिहिलं आहे: शिक्षिका तळ्याचे चित्र दाखवून ‘हे काय आहे?’ असे विचारेल. त्याच्यासमोर ‘विद्यार्थी कृती’त: विद्यार्थी ‘तळे’ असे उत्तर देतील. म्हणजे मुलांनी तोंड उघडण्याआधी आदल्या रात्रीच त्यांची उत्तरं माझ्या वहीत लिहून तयार. दोन वर्षं मी असंच लिहीत आले, आणि त्यात काही खटकलं नाही. परवा मात्र हा रकाना भरताना हात थांबला. त्याचं कारण पाचवीतली एक मुलगी आहे. ते पुढे येईलच.

आठ वाजून दहा मिनिटे

नवेगावबांधकडून येणारी एसटी फाट्यावर थांबते. 17 मार्च 2023 पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट लागतं. आंतरवासितेचे, म्हणजे शाळेतल्या सरावाचे, महिने त्यामुळे निभावले, नाहीतर रोजचं जाणं-येणं मायच्या रोवणीच्या मजुरीवर पडलं असतं. जागा मिळाली की मी टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) नोट्स काढते. आज शिक्षण हक्क कायदा, 2009. कलम 29 मध्ये म्हटलं आहे की शिक्षणाचं माध्यम शक्य तिथवर मुलाची मातृभाषा असावी. हे मला कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण फॉर्मवर ‘मातृभाषा’ या जागेत मी मराठी लिहिते, आणि मराठीच ती, हे मला मनापासून पटतं. मग गोल करून ठेवलेले ते तीन शब्द कोणत्या भाषेतले?

या प्रश्नाचं उत्तर मला साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांच्या कामातून मिळालं. साकोली म्हणजे मी जिथे उतरते त्या कोहमाऱ्याच्या पश्चिमेचं, त्याच महामार्गावरचं गाव. बोरकरांनी झाडीबोलीचा अभ्यास केला, तिचा शब्दकोश केला, आणि साधी गोष्ट मांडून दाखवली: या बोलीत ण, छ, ळ, श, ष हे वर्णच नाहीत. डोळ्याचा डोरा होतो, काळ्याचा कारा, पोळ्याचा पोरा. म्हणजे माझी जीभ आळशी नव्हती. ती तिच्या नियमाने चालली होती. हे वाचलं त्या दिवशी मी घरी येऊन मायला मोठ्याने वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “मंग? असंच तं बोलतून आपन.” तिला यात नवल काही वाटलं नाही.

सव्वानऊ

कोहमाऱ्याचा चौक. इथे मुंबई-कोलकाता महामार्ग आणि गोंदियाहून नवेगावबांध, अर्जुनी मोरगावकडे जाणारा रस्ता एकमेकांना छेदतात. महामार्गाचा क्रमांक आता 53 झाला, पण लोकांच्या तोंडी अजून ‘सहा नंबर’च आहे. रायपूरकडून येणारे लोखंडाचे ट्रक, नागपूरकडून जाणारे कांद्याचे, मध्येच धानाची पोती घेतलेला ट्रॅक्टर. चौकात आलुबोंडा तळल्याचा वास आणि ओल्या डांबराचा वास एकत्र येतो. एका बाजूला नागझिरा, दुसऱ्या बाजूला नवेगाव. 2013 मध्ये या दोन्ही जंगलांचा मिळून एकच व्याघ्र प्रकल्प झाला, आणि आमच्याकडचे रस्ते नेमके या दोघांच्या मधून जातात. इथल्या मुलांना ‘रस्ता ओलांडताना उजवीकडे-डावीकडे बघा’ हे शिकवताना ट्रकही येतो आणि रानडुक्करही.

चौकातून शाळा पायी पंधरा-वीस मिनिटांवर, आतल्या गावात. दोन शिक्षक, चार वर्ग आणि पाचवीची पाचसहा पोरं. पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन चालते. दोन्ही बाजूंच्या बांध्यांत चिखलणी चालू आहे. एका ठिकाणी ट्रॅक्टरचं लोखंडी चाक, त्याच्या शेजारच्या बांधीत अजून बैलजोडी.

साडेदहा

परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, दिनविशेष. ओळीत उभी मुलं मोजली: पटावर तेवीस, हजर अकरा. त्यातही दोघींच्या कडेवर धाकटी भावंडं. मोठ्या बाई म्हणाल्या, “रोवणी आटपेपर्यंत असंच चालायचं. त्या पोरांना घरी परत पाठवू नको, नाहीतर मोठ्याही येणार नाहीत.” त्यांची सतरा वर्षं या तालुक्यात गेली. महाविद्यालयात ‘अनुपस्थितीची कारणे’ या प्रश्नाचं उत्तर मी पाच मुद्द्यांत लिहिलं होतं, पहिला मुद्दा ‘पालकांची उदासीनता’. आज पहाटे माझी माय साडेचारला घराबाहेर पडली. उदासीन माणूस साडेचारला उठत नाही. तो मुद्दा मी माझ्या वहीत खोडून टाकला आहे. परीक्षेत मात्र तो लिहावा लागतो.

पाचवीतली ती मुलगी आजही नाही.

तिचं सांगते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती मला वही दाखवायला आली आणि म्हणाली, “म्याडम, मी लिवतो का फऱ्यावर?” मी तिला थांबवलं. सहज, अगदी हसतमुखाने. “लिहितो नाही, लिहिते. तू मुलगी आहेस ना?” वर्ग हसला. ती फळ्याकडे गेलीच नाही. त्यानंतर हात वर करणं बंद झालं, विचारलं की मान हलवते. मला ज्या शेऱ्याने सहा महिने आरशासमोर उभं केलं, तोच शेरा मी एका दहा वर्षांच्या मुलीला दिला. वरून तिच्या मुलगी असण्याचाच हवाला देऊन. ती मुलगी आहे, तिच्या आईसारखी बोलली, आणि मी तिला सांगितलं की मुली असं बोलत नाहीत.

हे मी पाठनिरीक्षणाच्या वहीत कुठे लिहू? त्याला रकाना नाही.

बारा

सर आले. मागच्या बाकावर बसले, घड्याळ काढून समोर ठेवलं. पस्तीस मिनिटं. मुलं दबून बसली. मी चित्रकार्ड वर केलं. रंगीत, कडेला कमळं, मधे निळं पाणी.

“हे काय आहे?”

कोणी बोलेना. मग खिडकीजवळचा मुलगा: “बोडी!”

टाचणात ‘तळे’ होतं. जीभ ‘तळे म्हणायचं’ असं म्हणायला पुढे आली आणि मला पाचवीची ती मुलगी दिसली. मी म्हणाले, “बोडी? बरं. बोडी कशाला म्हणायचं?”

एवढ्यावर वर्गातला दबाव निघून गेला. तो म्हणाला, बोडी म्हणजे ज्याच्या शेतात असते त्याची, तिच्या पाण्यावर त्याच्याच बांध्या. दुसरी म्हणाली, हे चित्र बोडीचं नाहीच, पार (बांध) केवढी मोठी आहे, हा तलाव. तिसरा म्हणाला, तलाव कसा, तुडूम कुठे आहे? मी कार्ड उलटं करून बघितलं, जणू मागच्या बाजूला तुडूम, म्हणजे पाणी सोडायची जागा, असेल. खरंच नव्हतं. ज्याने ते चित्र काढलं त्याला तळं म्हणजे बघायची जागा माहीत होती. या मुलांना तलाव म्हणजे पाणी अडवायचं आणि सोडायचं काम माहीत आहे. पार कुठे, तुडूम कुठे, सांडवा कुठे, हे दिसलं नाही तर त्यांच्या लेखी ते चित्र अर्धवट.

आमच्या भागात असे तलाव हजारोंनी आहेत. कोहळी समाजाच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ते बांधले, उताराचं पाणी कुठे अडेल हे डोळ्यांनी मोजून. पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेले म्हणून मालगुजारी तलाव, आणि मालगुजारी संपल्यावर सरकारी कागदावर ‘माजी मालगुजारी’, म्हणजे ‘मामा तलाव’. मी हे सांगितलं तेव्हा एका मुलीने गंभीरपणे विचारलं, “मंग आपल्या गावचा तलाव आपला मामा का?” मी हो म्हणाले. पाणी देतो तो मामाच.

मग सगळा वर्ग बाहेर गेला. पाऊस थांबला होता, अंगणात पाणी साचलं होतं. मुलांनी चिखलाची पार घातली, खपराच्या तुकड्यांचं तुडूम केलं, वर भोक ठेवून काडीने बुजवलं. काडी काढली, पाणी पलीकडच्या ‘बांधी’त गेलं. तिथे कोणीतरी गवताच्या काड्या रोवून ठेवल्या होत्या, दोन-तीन काड्यांचा एकेक चूड, सरळ ओळीत. कडेवरच्या भावाला खाली बसवून ती रोवणी करणारी पोर चौथीची होती. तिचा वर्ग वेगळा, पण तिला कोण हाकलणार?

घंटा झाली तेव्हा माझा पाठ टाचणाच्या दुसऱ्या मुद्द्यावर होता. सरोवर, झरा, विहीर, मूल्यमापन, सगळं राहिलं. सर अंगणात आले. मी वही पुढे केली. त्यांनी लिहिलं, ‘वेळेचे नियोजन नाही. पाठ अपूर्ण.’ त्याखाली, ‘विद्यार्थी सहभाग उत्तम.’ मग पेन खिशात ठेवून ते त्या मुलाशेजारी उकिडवे बसले आणि विचारलं, “हे तुडूम म्हणजे काय रे? मी तिकडचा, कपाशीच्या मुलखातला. आमच्याकडे नसतं हे.” मुलगा सांगत राहिला. सर त्याला एकदाही मध्ये थांबवून ‘असं म्हण’ म्हणाले नाहीत. त्यांनी दिलेले कमी गुण मला पटतात. पाठ खरोखर अपूर्ण होता.

एक

पोषण आहार. पहिली ते पाचवीच्या मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ, मोजून. आज मसालेभात आणि वटाणा. बसलेल्या दोन्ही धाकट्यांना बहिणी आपल्या ताटलीतून भरवतात. स्वयंपाकाच्या मावशींनी न बोलता त्या दोघींना डावभर जास्त वाढलं.

दोन

जेवणानंतर पोरं पेंगतात. तिसरी-चौथी एकत्र बसवून मी विचारलं, तुमच्या बांधीत यंदा कोणता धान? “जय श्रीराम.” “एचएमटी.” “एचएमटी.” मग मी त्यांना दादाजी खोब्रागड्यांची गोष्ट सांगितली. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे, तिथले शेतकरी. 1983 मध्ये त्यांच्या ‘पटेल-3’ धानाच्या बांधीत त्यांना दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर. दुसऱ्या कोणी त्या कापून पेंढीत टाकल्या असत्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले. तो बारीक तांदूळ पसरला आणि तेव्हा सगळ्यांना हव्याशा असणाऱ्या एचएमटी घड्याळाचं नाव त्याला पडलं. 2018 मध्ये ते गेले.

“ते किती शिकले होते?” चौथीतल्या एकाने विचारलं.

“तिसरीपर्यंत.”

तिसरीचे सगळे एकदम ताठ बसले. एकाने हळूच विचारलं, “नापास झाले का?”

“नाही. शाळा सुटली.”

मग मी त्यांना एकच काम दिलं: संध्याकाळी घरच्या माणसाला विचारून या, बांधीतलं कोणतं पान वेगळं दिसलं. मला हवी ती बघण्याची सवय तिथे, बांधीत, आहे. निरीक्षण हा शब्द मी फळ्यावर लिहिला, ‘ण’सकट. त्याच्याखाली एका मुलीने स्वतःहून खडूने लिहिलं, ‘पायने’. म्हणजे पाहणे. मी दोन्ही राहू दिले.

साडेतीन

पहिलीला अंकओळख, दुसरीला हातचा. दीड तास कसा गेला कळलं नाही.

पाच

शाळा सुटली. चौकाकडे जाताना गावाच्या शेवटच्या घरापाशी ती पाचवीची मुलगी दिसली. कडेवर भाऊ, हातात ओली काठी, समोर दोन शेळ्या. मला बघून काठी मागे लपवली. मी थांबले. काय बोलावं सुचेना. अभ्यासाचं विचारायचं नव्हतं. “माय रोवणीला गेली का?” म्हणून विचारलं.

मान हलली.

“माझीबी गेली.” मी म्हणाले. “साडेचारला गेली. अजून नसेल आली.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मॅडमची आई रोवणीला जाते, ही गोष्ट ती आत कुठेतरी बसवत असावी. मी भावाच्या पायाला लागलेला चिखल रुमालाने पुसला. त्याने रुमाल ओढून घेतला. तेवढ्यात चौकाकडून एसटीचा हॉर्न ऐकू आला. मी वळले आणि वळतानाच तोंडून निघालं, “येतो मी.”

जाणूनबुजून नव्हे. ते आपोआप आलं, पहाटे मायचं येतं तसं. दहा पावलांवर मागून आवाज आला, “म्याडम, परवा येतो. उद्या आमचीच बांधी हाये.”

“ये,” मी म्हणाले.

साडेआठ

माय सातला आली. हातांची बोटं पाण्याने पांढरी, सुरकुतलेली. जेवणं झाली. मी टीईटीचं पुस्तक उघडलं: दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं, त्यातले तीस बालमानसशास्त्राचे. त्यानंतर अभियोग्यता चाचणी, त्यानंतर शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल, त्यानंतर वाट बघणं. माझ्याआधीच्या तुकड्यांतल्या मुली अजून वाट बघत आहेत. एक चौकात झेरॉक्सच्या दुकानात बसते, एक लग्न होऊन छत्तीसगडला गेली. या मुलींना मी शिकवताना पाहिलं आहे. त्यातल्या एकीसारखं गोष्ट सांगणं मला अजून जमत नाही. तिच्यासमोर वर्ग नाही, ही गोष्ट मला पुस्तकावर मन लावू देत नाही.

शेवटी पुस्तक मिटून उद्याचं टाचण काढलं. ‘पाण्याचे साठे’, उरलेला भाग. जुनं कार्ड बाजूला ठेवून नवं चित्र काढायला घेतलं: पार, सांडवा, खाली बांध्या. एका कागदावर दोन ओळी आखल्या, डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. डोरा, डोळा. सांबार, कोथिंबीर. वास्ते, बांबूचे कोंब. बोडी... उजवीकडे काय लिहावं? तळे नव्हे, शेततळे म्हणजे अलीकडचं, यंत्राने खणलेलं. डबकं तर नाहीच. नवेगावबांधच्या जंगलात वर्षानुवर्षं राहून मारुती चितमपल्लींनी रानातल्या माणसांचे कितीतरी शब्द मराठीच्या पुस्तकांत आणून ठेवले. तसाच हाही शब्द जसाच्या तसा उजवीकडे जायला हवा. मी तिथे पुन्हा ‘बोडी’ लिहिलं.

अडलं ते तुडुमापाशी. त्याची भोकं एकाखाली एक असतात हे माहीत होतं, पण बुजवतात कसं ते काढता येईना. मायला विचारलं. ती खाटेवर पडली होती, डोळे मिटून. तिने हात वर करून हवेत दाखवलं. “वरचा आंदी उघडाचा. पानी उतरला का मंग त्याच्या खालचा. लाकडाची गुल्ली ठोकाची, वर चिंधी...” हात तसाच थोडा वेळ वर राहिला, मग खाली आला. तिला झोप लागली होती.

मी गुल्ली काढली, तिच्याभोवती चिंधी. चिंधी कुठल्या बाजूने गुंडाळतात ते राहिलंच. सकाळी साडेचारला, ती निघायच्या आत, विचारायला हवं.